पाणीखात्याचे अठरा दिवस

३ नोव्हेंबर, मंगळवार. पर्थ

आज सरकार पडलं आणि शहरात कोणाला पत्ताही नाही, कारण आजच मेलबर्नला कपची घोड्यांची शर्यत होती. सभागृहात मतं मोजली जात होती तेव्हा अर्धे सभासद दारातल्या शिपायाकडे डोळे लावून बसले होते. आधी घोड्याची तार आली, मग सभापतींनी सरकार पडल्याचं सांगितलं. टाळ्या घोड्याला जास्त मिळाल्या.

मी सरकारविरुद्ध मत दिलं. मी कुठल्याच पक्षाचा नाही, बिल्बी वेलचा आहे. तिथे माझं किराण्याचं आणि लोखंडी सामानाचं दुकान आहे. तिथल्या सव्वाचारशे मतदारांनी मला एकाच वाक्यावर निवडून दिलं: सोन्याच्या खाणींकडे जाणाऱ्या मोठ्या नळाचा एक फाटा आपल्या गावात आणीन. मोठा नळ येऊन पाच वर्षं झाली, आम्ही मात्र अजून खारं पाणी उकळून, त्याची वाफ थंड करून पितो. या सरकारने दोन वर्षं नुसतं झुलवलं. मग माझा हात आपोआप वर गेला.

बायकोला, लव्हडेला, तार केली: सरकार पडलं. लव्हडेची उलट तार तासाभरात आली: पाणी कधी?

५ नोव्हेंबर

सरकार बनतं कसं, हे बघायची मला फार हौस होती. मला वाटायचं, बंद दालनं असतील, जाड पडदे असतील, लोक हळू आवाजात बोलत असतील. प्रत्यक्षात सगळं आम्ही सभासद उतरलोय त्या हॉटेलच्या जेवणघरात चाललंय. मटणाच्या ताटाभोवती खाती फिरताहेत आणि मीठ मागायला कोणी वाकलं तरी बाकीचे दचकतात.

हिशेब असा. सभापती सोडून आम्ही एकोणपन्नास. मजूर पक्ष बावीस, शहरातला व्यापारी गट पंधरा, शेतकरी गट आठ आणि माझ्यासारखे सुटे चार. पडलेलं सरकार व्यापारी गटाचंच होतं. त्यांनी आता नेता बदललाय. नवा नेता ऑगस्टस पेनफादर, वकील, बोलणं लोण्यासारखं. त्याला शेतकरी आणि आम्ही चौघे मिळालो तर सत्तावीस होतात. म्हणजे काल ज्यांना पाडलं त्यांच्याच भावकीला आज उभं करायचं. मी हे शेतकरी गटाच्या डंकन गिलफिलनला बोलून दाखवलं. हा माझ्या शेजारच्या खोलीत राहतो. साठीचा आहे, गव्हाची मोठी शेती आहे आणि जिभेला धार आहे.

"मग काय पोरी बघायला आलायस का?" तो म्हणाला. "मंत्रिमंडळ आहे हे. असतील तेवढ्यांतूनच जोडायचं."

७ नोव्हेंबर

पेनफादरने खाद्ययादीच्या पाठीवर पेन्सिलीने पाच खाती लिहिली आहेत आणि समोर नावं लिहितो, खोडतो. सकाळी रेल्वेसमोर असलेला माणूस दुपारी खाणींसमोर गेला आणि चहापर्यंत यादीतूनच गेला. तो बिचारा मात्र अजून रेल्वेचाच कोट घालून हिंडत होता.

एक गंमत कळली नाही. बांधकाम आणि पाणी हे सगळ्यात मोठं खातं. ते पेनफादरने पहिल्यांदा गिलफिलनला देऊ केलं. म्हाताऱ्याला तेवढ्यात खोकल्याची मोठी उबळ आली. "छाती साथ देत नाही हो. मला आपलं बिनखात्याचं, बिनपगारी मंत्रिपद पुरे," म्हणाला. मग आणखी दोघांना विचारलं. एकाची बायको आजारी निघाली, दुसऱ्याला अचानक नम्रता सुचली. एवढं मोठं खातं, आणि माणसं इतकी निर्लोभी! मी उगाच राजकारण्यांना नावं ठेवत आलो.

९ नोव्हेंबर, सोमवार

मला बोलावलं. मलाच!

पेनफादर खिडकीतून नदीकडे बघत उभा होता. म्हणाला, "ट्रेमबाथ, बांधकाम आणि पाणी तुम्ही घ्या. प्रामाणिक माणूस हवाय."

मी विचारलं, "आणि आमच्या फाट्याचं काय?"

"मंत्री तुम्ही. फाईल तुमच्या टेबलावर. मी एका अक्षराने मध्ये बोलणार नाही."

कोण मुख्यमंत्री इतकी मोकळीक देतो? मी तिथल्या तिथे हो म्हटलं. बाहेर आल्यावर जिन्याची शेवटची पायरी चुकली. आनंदाने, भीतीने बिलकूल नाही.

एक अडचण आहे, पण ती कायद्यातलीच आहे. पगारी मंत्रिपद घेतलं की सभागृहातली जागा आपोआप रिकामी होते. परत गावात जायचं, परत मतं मागायची. लोकांनी साध्या सभासदाला निवडलं होतं, मंत्र्याला चालेल का ते त्यांना पुन्हा विचारायचं. त्यामुळे आम्ही पाच जण मंत्री झालो की सभागृहात आम्हीही बावीस आणि मजूर पक्षही बावीस. मंत्रिमंडळ बनताक्षणी बहुमत जातं! म्हणून तीन आठवडे सभागृहाला कुलूप. मला हे इतकं मजेशीर वाटलं की मी दोनदा मांडून पाहिलं.

मंत्र्याविरुद्ध सहसा कोणी उभं राहत नाही, असा रिवाज आहे म्हणे.

"आमच्या गव्हाच्या पट्ट्यात आहे," गिलफिलन म्हणाला. "खाणवाल्यांना रिवाज पोचलाय का, ते तूच जाऊन बघ बाबा."

१० नोव्हेंबर

गव्हर्नरांच्या बंगल्यावर शपथ झाली. उसना कोट काखेत घट्ट होता, त्यामुळे हात वर करताना शिवण उसवली. गव्हर्नरांना ऐकू गेलं असावं, पण मोठी माणसं, काही बोलले नाहीत.

१२ नोव्हेंबर

खात्याचे सचिव मिस्टर व्हिटल. तीस वर्षांची नोकरी, चेहऱ्यावर इस्त्री. मी सगळ्या फायली मागितल्या तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"सगळ्या, साहेब?"

"हो. कशात काय आहे ते बघायला नको?"

"तशी पद्धत नाही. पण बंदीही नाही."

काय काय सापडलं! एक पूल नदी आटल्यावर मंजूर झालाय. एका विहिरीचं दोन मंत्र्यांनी दोनदा उद्घाटन केलंय आणि तिला पाणी एकदाही लागलेलं नाही. मला दुकानाचा माल मोजायची सवय, त्यामुळे मजा वाटते. व्हिटल मात्र माझ्याकडे अधूनमधून दयेने बघतात. बहुधा नोव्हेंबरापासूनच सुरू होणाऱ्या आमच्या उन्हाळ्याचा त्रास होत असावा.

१४ नोव्हेंबर

फाट्याची फाईल आज काढली. वर तीन आधीच्या मंत्र्यांचे शेरे. पहिल्याचा: पाहिले. दुसऱ्याचा: पाहिले, पुढील हंगामात विचार व्हावा. तिसऱ्याचा: पाहिले.

"फार लोकप्रिय फाईल आहे, साहेब," व्हिटल म्हणाले. "सगळ्यांनी वाचली."

मीही वाचली. आता वाटतं, वाचली नसती तर बरं झालं असतं.

खात्याच्या यार्डात नळ पडले आहेत ते एकाच फाट्याला पुरतील. पुढचे जहाजाने यायला दीड वर्ष. आणि गावं दोन मागताहेत. एक आमचं बिल्बी वेल. दुसरं लास्ट शिलिंग, मजूर पक्षाच्या मतदारसंघातलं, खाणीचं गाव, वस्ती आमच्या तिप्पट. इंजिनियरचा अहवाल सरळ आहे. आमच्याकडे पाणी महाग आणि थोडं आहे, पण शुद्ध आहे. शिलिंगमधली विहीर नासली आहे. गेल्या उन्हाळ्यात तिथे विषमज्वराने एकसष्ट माणसं गेली. या उन्हाळ्याची सुरुवात झाली आहे.

दोन वर्षं मी सभागृहात ओरडत होतो की बिल्बी वेलवर अन्याय होतोय. शिलिंगचं नाव मला कोणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

१६ नोव्हेंबर, सोमवार

बातमी अशी की रिवाज खाणवाल्यांना पोचलेला नाही. मजूर पक्षाने माझ्याविरुद्ध डॅनी कॉफलनला उभं केलंय. हा आमच्या गावातला, खाणीचं इंजिन चालवणारा. माझ्याकडूनच खिळे नेतो.

पेनफादरला भेटून फाईलबद्दल विचारलं. तो गोड हसला.

"अहो, आज कशाला सही करता? आधी निवडून या. किंवा स्वतःच्या गावावर करा, कोण नको म्हणणार आहे?"

"पण तुमचं मत काय?"

"मी शब्द दिलाय ना, एका अक्षराने बोलणार नाही म्हणून?"

दिलेला शब्द इतका पाळणारा माणूस मी पाहिला नाही.

लव्हडेचं पत्र आलं. तिची पत्रं छोटी असतात. खाऱ्या पाण्याने हाताच्या भेगा परत उघडल्या, मलम संपलं, गावात सगळे तिला मंत्रीणबाई म्हणून चिडवतात, आणि आता पाणी येणारच म्हणून शाळेत मुलांनी नळाची चित्रं काढली. एवढंच. मी ते चार वेळा वाचलं.

१९ नोव्हेंबर. लास्ट शिलिंग

गावी जाताना वाट वाकडी करून इथे उतरलो. व्हिटलना वाटलं मी वेडा आहे. अहवालावर विश्वास नव्हता असं नाही, पण माल न बघता मी कधी सही केलेली नाही.

दवाखाना म्हणजे पत्र्याची एक खोली आणि भोवती कापडी तंबू. मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका, मिस हार्गुड: उंच, हाडकुळी, बाह्या कोपरापर्यंत वर. मी काही बोलायच्या आत तिने हातात बादली दिली.

"उभा काय राहिलास? पाण्याच्या गाडीतून भर आणि चौथ्या तंबूत ने. सांडलीस तर तुला पिळून काढीन."

मी तीन बादल्या नेल्या. अडतीस खाटा होत्या. चौथ्या तंबूत एक बाई नवऱ्याच्या ओठांवर ओलं फडकं टेकवत होती आणि तेच फडकं परत बादलीत न बुडवता जपून पिळत होती, थेंब पेल्यात पडावा म्हणून.

चौथ्या बादलीला मेट्रननं विचारलं, "नवीन आलास? कोणत्या खाणीवर?"

"पाणीखात्यावर," मी म्हणालो. "मंत्री आहे."

तिने मला नखशिखांत न्याहाळलं. मला वाटलं आता माफी मागेल.

"मग बादल्या कशाला उचलतोस?" ती म्हणाली. "तुझं काम कर की."

मी टपाल कचेरीत गेलो आणि व्हिटलना तार केली: फाटा लास्ट शिलिंगला. नळ आठवड्याभरात वाघिणींत चढवा. सही, जॉस ट्रेमबाथ, मंत्री. तारमास्तरने शब्द मोजले, मग माझ्याकडे बघितलं आणि तो पैसे घेईना. मी जबरदस्तीने दिले.

बाहेर पायरीवर बसलो तेव्हा मला रडू आलं. त्या बाईसाठी आलं की लव्हडेच्या हातांसाठी, सांगता येत नाही.

२० नोव्हेंबर. बिल्बी वेल

स्टेशनवर बॅंड होता. तीन वाजंत्री, पण होता. मला कोणाच्या डोळ्यांत बघवेना.

लव्हडेला घरात शिरल्या शिरल्या सांगितलं. आधी फाईल, मग तंबू, मग तार. ती ऐकत उभी राहिली.

"झाली सही?"

"झाली."

"किती खाटा म्हणालास?"

"अडतीस."

तिने ताटावरचं फडकं काढलं. मग म्हणाली, "मटणाची पेस्टी गार होतेय. जेवून घे." माझ्या बायकोसारखी समजूतदार बाई नाही. एका शब्दाने बोलली नाही.

२४ नोव्हेंबर

खाणावळीच्या सज्ज्यातून दोघा उमेदवारांनी बोलायचं, ही इथली पद्धत. खाली सगळं गाव. मी ठरवलं होतं, दुसऱ्याच्या तोंडून कळण्याआधी आपणच सांगायचं. सांगितलं. फाटा शिलिंगला गेला, मीच पाठवला, आपल्याला दीड वर्ष थांबावं लागेल.

मग जे सुटलं!

"आमचा मंत्री का त्यांचा रे तू?"

"आज दाढी कुठल्या पाण्यानं केलीस, जॉस?"

"शिलिंगलाच उभा राहा की मग, मुडद्यांची मतं मिळतील!"

या शेवटच्यावर मात्र कोणी हसलं नाही. ज्याने म्हटलं तोही खाली बघू लागला.

मग कॉफलन उठला. त्याची पंचाईत बघण्यासारखी होती. शिलिंग त्याच्याच पक्षाचं, तिथले खाणकामगार त्याचेच भाऊबंद, फाटा तिकडे गेला याचा त्याला आनंदच व्हायला हवा. टोपी हातात फिरवत तो म्हणाला, "मंडळी, ट्रेमबाथनं केलं ते बरोबर केलं. त्याच्या जागी मी असतो तर मला जमलं असतं का, देव जाणे." थांबला. "म्हणून म्हणतो, त्याला पाडा. आपल्याला आपल्यासाठी भांडणारा माणूस पायजेल."

सगळ्यात मोठ्याने टाळी मीच वाजवली. भाषण खरंच चांगलं होतं.

२७ नोव्हेंबर

व्हिटलची तार: नळ काल रवाना. आदेश आता कोणालाही फिरवता येणार नाही. खाली, पद्धत नसताना, एक जादा शब्द: अभिनंदन.

२८ नोव्हेंबर, शनिवार

मतदान झालं. शाळेच्या खोलीत, मुलांनी काढलेल्या नळांच्या चित्रांखाली. कॉफलन दोनशे बारा, मी दोनशे तीन.

हरणं कसं असतं याचीही मला उत्सुकता होती. आता भागली. छातीत गाठोडं ठेवल्यासारखं वाटतं आणि सगळे फार सभ्यपणे बोलतात. कॉफलननं हात मिळवला आणि सोमवारी खिळे न्यायला येतो म्हणाला.

३० नोव्हेंबर, सोमवार

पेनफादरची लांबलचक तार आली. बाकीचे चारही मंत्री बिनविरोध परत आले, सरकार भक्कम आहे. माझ्या पराभवाचं त्याला मनापासून दुःख आहे. 'खात्यातलं एक अवघड काम आपण मार्गी लावलंत, सरकार ऋणी राहील.' बांधकाम आणि पाणी आता गिलफिलनकडे. छाती सुधारली म्हणे. बरं झालं, अनुभवी हातात गेलं. पेनफादरने एवढ्या गडबडीत माझ्यासाठी इतके शब्द खर्च केले, याचं मला बरं वाटलं.

दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी वहीचं मागचं पान उघडून बसलो. नऊचा फरक म्हणजे पाच माणसं. माझी पाच माणसं तिकडे गेली नसती तर मीच निवडून आलो असतो. राग म्हणून नाही, नुसतं कुतूहल. बेकरीवाला एक, तो सज्ज्याखाली तोंड फिरवून उभा होता. चॅपलमधला पेटीवाला दोन. घोड्यांना नाल मारणारे दोघे भाऊ, चार. पाचवा काही सापडेना. मी एकेक नाव मोठ्याने घेत होतो.

लव्हडे गल्ल्यामागे साबणाच्या वड्या रचत होती. मागे न बघता म्हणाली, "चारच शोध, जॉस. पाचवी मी."

मला आधी वाटलं थट्टा करतेय. मग तिचा चेहरा दिसला.

"तू?" मी पेन्सिल खाली ठेवली.

"मी. कॉफलनला दिलं. सकाळी पहिल्या दहांतच जाऊन दिलं, नाहीतर दुपारपर्यंत हात कचरला असता."

"अगं पण तू तर... मी सांगितलं तेव्हा एक शब्द बोलली नाहीस!"

"काय बोलणार? तू चुकला नव्हतास."

"मग?"

तिने साबण खाली ठेवला. "तू मंत्री होतास. तुला दोन्ही गावं बघायची होती. मी मंत्री नाही. मी बिल्बी वेलची आहे, मला एकच गाव बघायचं होतं. मतदानात मला एवढंच विचारलं होतं, तुझ्या गावासाठी कोण भांडेल? तुझ्याकडे बघून खोटं बोलता आलं असतं, मतपेटीकडे बघून नाही आलं."

मला राग आला. खूप आला. बावीस वर्षांचा संसार आणि पेटीत कॉफलनचं नाव! मी दारापर्यंत गेलो, बाहेरच्या उन्हात उभा राहिलो, परत आलो. एक प्रश्न उरला होता, तो विचारल्याशिवाय मला राहवणार नव्हतं.

"तू असतीस माझ्या जागी, तर तार कुठे केली असतीस?"

"शिलिंगला," ती लगेच म्हणाली. "तुझ्यासारख्या चार बादल्या वाहत बसले नसते. पहिलीलाच केली असती."

मला हसू आलं आणि त्याच वेळी डोळेही भरले. तिने भेगाळलेला हात माझ्या पाठीवर ठेवला, मीही तो काढला नाही. मग मी यादीचं पान फाडायला घेतलं.

"फाडू नकोस," ती म्हणाली. "चौघांची नावं लिहिलीस, माझं का नाही? माझंही लिही."

मी पेन्सिलीला टोक काढलं आणि पाचव्या ओळीवर नीट अक्षरात लिहिलं: लव्हडे ट्रेमबाथ, मतदार, बिल्बी वेल.